स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायचंय. तिथे नेमकं चालतं काय?

मृण्मयी_जर्सी

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लेक दुसरीत आहे, शाळा घरापासून साधारण दीड मैल. आजवर पिवळी बस कोपऱ्यावर यायची. परवा स्कूल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या ऑफिसकडून, पत्र आलं की पुढच्या शाळावर्षापासून दोन मैलांच्या आतल्या प्राथमिकच्या मुलांची बस बंद करण्याचा विचार आहे, बजेटबरोबर निर्णय होईल. आमच्या वाटेत चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो आणि अर्ध्या वाटेला फुटपाथच नाही. आम्ही दोघंही नोकरीवाले, सकाळी पोरीला सोडायचं कोणी?

कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय की मार्चच्या बोर्ड मीटिंगला सगळ्यांनी लाल टीशर्ट घालून जायचं. अंदाज यावा म्हणून मी जानेवारीच्या मीटिंगचा व्हिडिओ लावला, तर काही म्हणता काही कळलं नाही. कोणीतरी आकडे वाचतं, कोणीतरी 'मूव्ह', कोणीतरी 'सेकंड', मग नावं पुकारतात आणि सगळे 'यस, यस, यस'. लोक माइकवर येऊन पोटतिडकीने बोलतात, समोरचे नुसते बघत बसतात, उत्तर कोणी देत नाही. मध्येच सगळे उठून आतल्या खोलीत गेले. बोर्डातल्या काही जणांना मी ईमेलही केली, एकाचंही उत्तर नाही.

आम्ही अजून एच-वन-बी व्हिसावर आहोत. आम्हाला बोलता येतं का? आणि बोलून काही होतं, की आपलं मनाचं समाधान?

विद्याकाकू

मृण्मयी, मी आमच्या गावच्या बोर्डावर, म्हणजे शाळांच्या नियामक मंडळावर, निवडून आले होते. एक टर्म केली, दुसऱ्यांदा उभी राहिले नाही. पगार शून्य आणि वाण्याच्या दुकानात मेथी निवडताना सुद्धा लोक तक्रारी घेऊन गाठतात, असं हे काम. न्यू जर्सीत बोर्ड मेंबरला मानधन नसतं, हे इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही माहीत नसतं.

आधी व्हिसाचं. बिनधास्त बोल. बोर्डावर उभं राहायचं तर नागरिक हवं, गावात वर्षभराचं वास्तव्य हवं, मतदार यादीत नाव हवं. माइकवर बोलायला यातलं काहीही लागत नाही. नाव आणि गाव सांगायचं, सुरू करायचं. प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणं बोर्डाला कायद्याने बंधनकारक आहे. किती वेळ ते मात्र बोर्ड ठरवतं. बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं.

उत्तर का देत नाहीत? ती वेळ ऐकून घ्यायची असते, वादाची नाही. माणूस मख्ख बसलेला दिसतो म्हणजे ऐकत नाही असं नव्हे. मी समोर बसून नावं, रस्ते, आकडे खरडून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सुपरिटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकांना, विचारायचे. पण हेही खरं की काही मेंबर टेबलाखाली फोन बघतात, ते व्हिडिओत दिसत नाही.

ईमेलचं कारण वेगळं आहे. नऊ जणांच्या बोर्डात पाच म्हणजे गणसंख्या, कोरम. पाच जणांनी एका विषयावर आपसात ईमेलवर चर्चा केली तर ती नोटीस न देता भरवलेली मीटिंगच ठरू शकते. १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे, सगळे त्याला सनशाइन लॉ म्हणतात. मीटिंगच्या सुरुवातीला अध्यक्ष घाईघाईने एक परिच्छेद वाचतात ना, नोटीस अमुक ठिकाणी लावली वगैरे, ते त्याच कायद्यामुळे. म्हणून मेंबर गप्प राहतात, फार तर अध्यक्ष किंवा सुपरिटेंडंट सगळ्यांच्या वतीने दोन ओळी पाठवतात. शिवाय एकट्या मेंबरला अधिकार काहीच नसतो. मेंबर होताना आचारसंहितेवर सही करावी लागते, त्यात साफ आहे: शाळा चालवायच्या नाहीत, त्या नीट चालल्यात ना एवढं पाहायचं. खासगीत कुणाला शब्द द्यायचा नाही. आणि तक्रार आली तर आधी ती प्रशासनाकडे पाठवायची, तिथे तोडगा निघाला नाही तरच जाहीर मीटिंगमध्ये बोर्डाने हात घालायचा.

म्हणून तुला पहिला प्रश्न माझा. ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला लेखी कळवलंस का? मग बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर (डिस्ट्रिक्टचा पैशाचा हिशोब बघणारा), मग सुपरिटेंडंट. या पायऱ्या चढून आलेला माणूस माइकवर उभा राहिला की 'तुम्ही आधी ऑफिसशी बोला' म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

आता ते 'यस, यस, यस'. एक जण ठराव मांडतो ते 'मूव्ह', दुसरा अनुमोदन देतो ते 'सेकंड', मग नाव पुकारून मत. अजेंडा डाउनलोड करून बघ, चाळीस-पन्नास पानं सहज असतात. नेमणुका, राजीनामे, बाळंतपणाच्या रजा, शिक्षकांचे कॉन्फरन्सचे खर्च, सहली, खर्चाची बिलं, कंत्राटं, धोरणं. एकेका विभागाचे ठराव एकगठ्ठा मताला टाकतात. कुणाला एखादं कलम वेगळं हवं असेल तर 'तेवढं बाजूला काढा' म्हणायचं, मग त्यावर वेगळी चर्चा, वेगळं मत. नेमणुकांना तर नियम आणखी कडक: सुपरिटेंडंटने शिफारस केल्याशिवाय बोर्डाला कुणाला घेता येत नाही, आणि हजर असलेल्यांचं नाही तर पूर्ण बोर्डाचं बहुमत लागतं, तेही नाव पुकारून. नऊपैकी पाचच जण आले असतील तर पाचही 'यस' हवेत. बर्फाच्या रात्री आमच्या सेक्रेटरीबाई फोन करकरून माणसं जमवायच्या त्या यासाठीच.

मला सगळ्यात जास्त रस असायचा बिलांच्या यादीत. जेवणं आटोपली की चहा घेऊन बसायचे. पियानो सुरात लावल्याचं बिल, जिमच्या लाकडी जमिनीला पॉलिश, वहिवाटीप्रमाणे बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या. आणि तुझ्या कामाची गोष्ट इथेच आहे. बसची कंत्राटं बोर्डाच्या मंजुरीला येतात तेव्हा रूट नंबर, कंत्राटदार, रोजचा दर, बसमधल्या मदतनिसाचा दर असं सगळं छापलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यातले अजेंडे काढ, तुझ्या रूटचा रोजचा दर शोध, त्याला १८० दिवसांनी गुण. तो तुझा आकडा. 'आमच्या मुलांची सुरक्षा' हे शब्द बोर्डाने हजारदा ऐकलेत. 'हा रूट वर्षाला इतक्या डॉलरचा आहे, त्यात इतकी मुलं बसतात' असं म्हटलंस की टेबलावरची पेनं हलतात.

आतल्या खोलीचं थोडक्यात. आत जाण्याआधी कशासाठी जातोय याचा जाहीर ठराव करावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या बाबी, कोर्टकज्जे, युनियनशी वाटाघाटी, एखाद्या मुलाची खासगी माहिती, असे मोजके विषय. कर्मचाऱ्याबद्दल आत बोलायचं असेल तर त्याला आधी नोटीस द्यावी लागते, १९७७ च्या एका खटल्यावरून तिला 'राइस नोटीस' म्हणतात. त्या माणसाला हवं असेल तर तो म्हणू शकतो, माझ्याबद्दल जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. बस ठेवायची की काढायची हे धोरण आत ठरवता येत नाही.

खवचट_पुणेकर

काकू, एवढं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. पण मला एक सांगा, मी पाच-सहा मीटिंगा पाहिल्यात आणि एकदाही मतदानात काही पडलेलं पाहिलं नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं. तीन मिनिटं बोलू देतात ती वाफ जाऊ द्यायला. उगाच त्या बाईंना आशा लावू नका.

विद्याकाकू

पुणेकर, अर्धं बरोबर आहे तुमचं, आणि तेवढं अर्धंच कामाचं आहे.

बोर्डाच्या कमिट्या असतात: फायनान्स, अभ्यासक्रम, धोरण, इमारती आणि वाहतूक अशा. नऊच्या बोर्डात कमिटीवर चारच जण ठेवतात, म्हणजे गणसंख्या होत नाही आणि सनशाइन लॉ लागू होत नाही. बंद दाराआड, सुपरिटेंडंट आणि बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरबरोबर, विषय तिथे दळला जातो. नको असलेली गोष्ट तिथेच गळते, अजेंड्यावर येतच नाही. म्हणून जाहीर मीटिंगमध्ये तुम्हाला काही पडलेलं दिसत नाही. मला स्वतःला ही पद्धत पटत नाही. आमच्याकडे कमिटीचे अहवाल मीटिंगमध्ये वाचायचे, ते इतके गुळमुळीत की 'ट्रान्सपोर्टेशनवर चर्चा झाली' यापलीकडे काही नाही. मी सविस्तर लिहून आणायला लागले तेव्हा वकीलसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

पण यावरून 'बोलू नका' असा अर्थ काढायचा, की 'आधी बोला' असा? माझं सांगणं दुसरं. मताच्या दिवशी बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. कमिटीच्या आधी लिहायचं.

मृण्मयी, तुझं पत्र नेमकं वेळेवर आलंय. फेब्रुवारी संपता संपता गव्हर्नर बजेट मांडतात, दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याची मदत किती ते कळतं. मार्चमध्ये बोर्ड प्राथमिक बजेट मंजूर करून काउंटीच्या ऑफिसकडे पाठवतं. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात पब्लिक हिअरिंग आणि अंतिम मत. लोक हिअरिंगला गर्दी करतात, तेव्हा पातेलं चुलीवरून उतरलेलं असतं. त्या टप्प्याला बस परत आणायची तर दुसरीकडून पैसे काढावे लागतात, आणि मग बॅंडवाले पालक विरुद्ध बसवाले पालक असं भांडण लागतं.

आणि हे मुळात का होतंय तेही समजून घे. दोन मैलांच्या पलीकडे राहणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांना आणि अडीच मैलांपलीकडच्या हायस्कूलच्या मुलांना बस देणं कायद्याने सक्तीचं आहे. आतल्यांना दिली तर ती 'कर्टसी', म्हणजे डिस्ट्रिक्टच्या पदरची. राज्याची मदत सक्तीच्या मुलांच्या हिशोबाने येते. इकडे २०१० च्या कायद्यापासून मालमत्ता करातला शाळांचा वाटा साधारण दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, थोडेफार अपवाद सोडून. आरोग्यविम्याचा खर्च त्या दोन टक्क्यांत मावत नाही. मग बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर यादी काढतो की सक्तीचं नसलेलं काय काय आहे. कर्टसी बस त्या यादीत वर असते. कुणी तुमच्या कॉम्प्लेक्सच्या वाईटावर टपलेलं नसतं.

शिवाय निवडणूक नोव्हेंबरला नेलेल्या डिस्ट्रिक्टांत, म्हणजे आता बहुतेक सगळ्याच, बजेट मर्यादेत असेल तर त्यावर लोकांचं मतदान होत नाही. २०१२ च्या आधी एप्रिलमध्ये व्हायचं, आणि लोक चिडले की बजेट पाडायचे. तो दांडू आता हातात नाही.

डॅलसकर

टेक्सासमधून थोडी भर. आमच्याकडे मेंबरना ट्रस्टी म्हणतात आणि बहुतेक आयएसडींमध्ये (आमच्याकडचे स्कूल डिस्ट्रिक्ट) ते सात असतात. अजेंड्यावरच्या विषयावर लोकांना मतदानाच्या आधीच बोलू द्यायचं, असा कायदा २०१९ मध्ये झाला. त्याआधी काही ठिकाणी मत देऊन मोकळे झाल्यावर शेवटी माइक उघडायचे! जर्सीत क्रम कसा असतो? दोन मैलांची रेघ मात्र इथेही आहेच.

मृण्मयी_जर्सी

काकू, तुमचं लिहिणं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला कुणीच लिहिलं नव्हतं, आमच्या ग्रुपवर नुसता टीशर्टांचा साइझ गोळा करणं चालू होतं. आज लिहिलं. मागच्या ऑगस्टच्या अजेंड्यात आमचा रूटही सापडला!

दोन शंका. फुटपाथ नाही हा मुद्दा बोर्डापुढे चालेल ना? आणि आम्ही वीसेक पालक जाणार आहोत, सगळ्यांनी बोलायचं का?

विद्याकाकू

डॅलसकर, इथे बऱ्याच ठिकाणी दोन वेळा माइक उघडतात. आधी फक्त अजेंड्यावरच्या विषयांसाठी, शेवटी कशावरही. मृण्मयी, म्हणून तुझा विषय त्या दिवशी छापील अजेंड्यावर आहे का ते आधी बघ. नसेल तर शेवटपर्यंत बसावं लागेल. पोरांना झोपवायचं काय ते ठरवून ये. बाकड्यांवर झोपलेली मुलं मी खूप पाहिलीत.

फुटपाथचा मुद्दा चालेल, पण नुसता नाही. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये कर्टसी बस दिली जाते तिथे धोक्याच्या रस्त्यांबद्दल धोरण असावंच लागतं, असा राज्याचा कायदा आहे. त्यात वाहनांची वर्दळ, त्यांचा वेग, फुटपाथ आहे की नाही, कडेला चालायला जागा आहे का, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, असे निकष दिलेत. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर धोरणांची यादी असते, विद्यार्थी वाहतूक बहुतेक ठिकाणी ८६०० क्रमांकाखाली सापडते. ते काढून वाच. मग माइकवर 'आमचा रस्ता धोकादायक आहे' असं म्हणायचं नाही. 'तुमच्याच धोरणातल्या या निकषांत आमचा रस्ता बसतो, तो यादीत घ्या' असं म्हणायचं. बोर्डाला आपलंच धोरण मोडल्याचं कागदावर आलेलं अजिबात आवडत नाही.

मात्र फुटपाथ बांधून देणं बोर्डाच्या हातात नाही. रस्ता गावाचा असेल तर टाउनशिप, काउंटीचा असेल तर काउंटी. क्रॉसिंग गार्डसुद्धा पोलिसांच्या अखत्यारीत. कर एकाच बिलात भरतो म्हणून आपल्याला सगळं एकच वाटतं, पण शाळेचा कारभार आणि गावाचा कारभार वेगळा. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून हात वर करतात. तेव्हा तुमच्यातल्या दोघा-तिघांनी टाउनशिप काउन्सिलच्या मीटिंगलाही जा, त्याच आठवड्यात.

वीस जणांनी तेच ते बोलू नये. पाचव्या माणसापासून अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागतात. वाटून घ्या: एकाने पैशाचा आकडा, एकाने रस्त्याचं मोजमाप, एकाने दोन्ही पालक नोकरीला असलेल्या घराचं सकाळचं वेळापत्रक, एकाने पर्याय. पर्याय म्हणजे, काही डिस्ट्रिक्ट पालकांकडून पैसे घेऊन बस चालवतात, 'सबस्क्रिप्शन' म्हणून. तुम्हाला परवडणार असेल आणि चालणार असेल तर ते आधीच आपसात ठरवा, कारण तिथे कुणीतरी हमखास विचारेल. बाकीच्यांनी फक्त उठून उभं राहायचं. लाल टीशर्ट घालायचे तर घाला बापडे, मला त्यातून विजयाच्या मिरवणुकीचा वास येतो.

आणि मागणी पहिल्या वाक्यात. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, छान लिहून आणलेलं. आधी बोर्डाचे आभार, मग आपण या गावात कसे आलो, मग मुलाचं कौतुक. सेक्रेटरीबाईंच्या टेबलावरचा दिवा पिवळा झाला तरी प्रस्तावनाच चालू होती. लाल झाल्यावर म्हणाले, 'तर माझं म्हणणं असं की' आणि माइक बंद. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. त्याच रात्री एक आई आली, तिने फक्त एक फोटो आणला होता. बर्फ काढणारी गाडी गेल्यावर रस्त्याच्या कडेचं दृश्य, कमरेएवढा ढीग आणि त्याच्या बाहेरून, गाड्यांच्या लेनमधून चाललेली दप्तरं. नऊ प्रती काढून सेक्रेटरीकडे दिल्या. तो रूट कमिटीने दुसऱ्या दिवशी परत मागवून घेतला. बस वाचली ती तेवढ्यानेच असं नाही म्हणणार, पण बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरला त्या कोपऱ्यावर जाऊन यावं लागलं. फेब्रुवारी आहे, यंदा बर्फ पडलंच तर फोन जवळ ठेव.

खवचट_पुणेकर

मागे घेतो. वाफेचं अर्धं मागे घेतो.

मृण्मयी_जर्सी

काकू, ऑफिसने धोरणाची पीडीएफ पाठवली. धोक्याच्या रस्त्यांची यादी जोडलेली आहे, पण तिच्यात आमचा रस्ता नाही. दोनच रस्ते आहेत, आणि त्यातला एक तर आता पलीकडे मॉल झाल्यापासून वापरातच नाही. म्हणजे आपलं म्हणणं पडलं का?

विद्याकाकू

पडलं कसलं, उलट. मॉल बांधल्यावर सुद्धा यादी तीच असेल तर ती कुणी तपासलेलीच नाही. लेखी विचार: ही यादी शेवटची केव्हा तपासली, कुणी तपासली, पोलिसांकडून वाहनांची मोजणी मागवली होती का. तेवढे तीन प्रश्न, एक आभार, खाली सही. सुपरिटेंडंटला पाठव, प्रत बोर्ड सेक्रेटरीला. मेंबरना वेगवेगळी पाठवू नकोस, बोर्डाचा एकत्रित पत्ता असतो त्यावर टाक.

उत्तर मीटिंगच्या आत आलं नाही तर माइकवर हेच तीन प्रश्न वाच आणि इतिवृत्तात घ्यायला सांग. अजेंडा लागला की त्या कलमाची भाषा इथे टाक, बघते.